दुसऱ्याने इस्त्री केलेली चादर

मला आयुष्यात एकदा दुसऱ्या कोणीतरी इस्त्री केलेल्या चादरीवर झोपायचं होतं. बस्स, एवढंच. हिरे नकोत, बंगला नको. हे ऐकलं की लोक हसतात. हसणारच. त्यांनी कधी दिवसभर हॉटेलच्या चादरींना इस्त्री केलेली नसते.

आमची लॉन्ड्री आहे. मी आणि आमचे हे, दोघंच मालक आणि दोघंच नोकर. दोन हॉटेलांच्या चादरी, अभ्रे आणि टॉवेल आमच्याकडे येतात, शिवाय रोजच्या गिऱ्हाइकांचे कपडे. हे मशीन सांभाळतात आणि मी इस्त्रीचं टेबल. लग्न करून आले तेव्हापासून मी त्या टेबलाशी उभी आहे. बाजूला एक स्टूल आहे, पण त्यावर कायम अभ्र्यांचा ढीग बसलेला असतो. त्याला उठवून मी बसावं असं कधी झालं नाही. बसून चादरीवर जोरही पडत नाही म्हणा. संध्याकाळी माझे पाय असे टम्म फुगतात की चप्पल आपल्याच पायातली आहे यावर विश्वास बसत नाही.

यांचा स्वभाव एका शब्दात सांगता येतो. तो शब्द म्हणजे ‘उद्या’. गिऱ्हाईक दारात आलं की ते काही विचारायच्या आत हे म्हणतात, “उद्या मिळेल.” कपडे तयार असले तरी म्हणतात, मग स्वतःच ओशाळून काढून देतात. ही सवय दुकानातून घरात आली. नळ गळतोय? उद्या. दाढ दुखतेय? उद्या. एकदा मी रागावून विचारलं, “माझ्याशी कधी चार शब्द नीट बोलणार?” तर उत्तर काय आलं असेल ते सांगायला नको.

अशात इमारतीच्या मालकाने निरोप धाडला. पुढच्या महिन्यात सगळे जुने पाइप उखडून नवे घालायचे आहेत, आठवडाभर पाण्याचा थेंबही मिळणार नाही. पाणीच नाही म्हटल्यावर लॉन्ड्री कसली! यांचा चेहरा खळ जास्त झालेल्या कॉलरसारखा कडक झाला. मी मात्र पटकन टेबलाकडे तोंड फिरवलं, कारण मला हसू आवरेना.

“अहो, आपण कुठेतरी जाऊ या,” मी म्हटलं.

“जाऊ या की. तुझ्या बहिणीकडे जाऊ.”

“बहिणीकडे गेलं की ती म्हणते, बरं झालं आलीस, पडदे काढून ठेवलेत.”

हे खोटं नाही. आणि एकट्या बहिणीलाच कशाला बोल लावायचा? आपली लॉन्ड्री आहे असं कळायचा अवकाश, लोक बाही पुढे करतात आणि म्हणतात, वहिनी, हा डाग निघेल का हो? मागे मी बागेत निवांत बसले होते, तर शेजारच्या बाकावरच्या बाईने पदर धरून तोच प्रश्न विचारला. म्हणून मी स्पष्टच सांगितलं, “लांब जायचं. समुद्रापलीकडे. तिथे डागाला काय म्हणतात हेच मला कळणार नाही.”

“परदेशात?” यांनी डोळे मोठे केले. मला वाटलं, झालं, आता तो शब्द येणार. पण हे म्हणाले, “तिकिटं स्वस्तात मिळाली तर जाऊ.”

माझी भाची समोरच्या चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. आपल्या पगारावर दोन देश पाहून आलीय. जेवणाच्या सुट्टीत ती आली आणि पावत्या काढायच्या कॉम्प्युटरवर तिने आपल्या काकांची शिकवणी घेतली. तारीख दोन-तीन दिवस मागेपुढे करून बघायची. शेजारच्या शहरातून विमान सुटत असेल तर तेही बघायचं. मोठी बॅग नेली नाही की भाडं कमी लागतं. भाडं उतरलं की आपल्याला कळवा, असंही तिथे सांगून ठेवता येतं. हे मान डोलावत होते. दुपारपर्यंत त्यांना या प्रकाराचा असा नाद लागला की एका हॉटेलचे टॉवेल दुसऱ्या हॉटेलच्या गठ्ठ्यात गेले.

कुठे जायचं यावर माझं काहीच म्हणणं नव्हतं. समुद्र असावा, आणि पलंग असावा.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. आम्ही गिऱ्हाइकांना नावाने ओळखत नाही, कपड्यांवरून ओळखतो. त्यामुळे सल्ला द्यायला आधी पांढरी पँट आली. पांढरी पँट पुष्कळ हिंडलेली आहे, आणि कुठेकुठे जेवली आहे ते आम्हाला डागांवरून माहीत असतं. “अजिबात घाई करू नका,” ती म्हणाली. “शेवटच्या आठवड्यात विमानं रिकामी असतात, तेव्हा मातीमोलाने देतात.” निळा कोट म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. त्या म्हणाल्या, “आजच्या आज काढा, मूर्खपणा करू नका.” आणि ज्याने बसच्या शेवटच्या थांब्यापलीकडचं जग पाहिलेलं नाही, त्या तुटक्या बटणाने सगळ्यात जास्त वेळ घेतला. काउंटरवर कोपर टेकून त्याने विमानात कुठे बसावं, काय खावं आणि उतरताना कान कसे दाबावेत हे सांगितलं. मी त्याचं बटण शिवून टाकलं तरी तो बोलतच होता.

यांनी कोणाचं ऐकलं असेल? पांढऱ्या पँटचंच.

“अहो, मिळालं का तिकीट?” मी सकाळी विचारायची.

“उद्या बघू. उतरेल.”

भाडं उतरायचं नाव घेईना, उलट रोज एकेक जिना चढत होतं. हे हनुवटीवर हात ठेवून त्या पडद्याकडे बघत राहायचे आणि मी त्यांच्या पाठीकडे. पाइपवाले येऊन भिंतींवर खडूच्या खुणा करून गेले. या खुणा पुन्हा थोड्याच व्हायच्या होत्या? हा आठवडा गेला की गेला; परत पाणी येणार, परत चादरी येणार, आणि मी टेबलाशी उभी राहणार ती थेट हातातली इस्त्री सुटेपर्यंत. त्या दिवशी माझ्या हातून अभ्रा जळला. इतक्या वर्षांत कधी झालं नव्हतं ते झालं. तपकिरी, इस्त्रीच्या आकाराचा डाग. मी तो अभ्रा यांच्या कॉम्प्युटरवर टाकला. यांनी डागाकडे एकदा बघितलं. मग हे उठले आणि धुतलेल्या चादरींचे गठ्ठे गाडीत भरून हॉटेलकडे निघून गेले.

तेवढ्यात भाची आली. मी पदर खोचून सांगितलं, “बस तिथे आणि कुठलंही तिकीट काढ. हा कंजूष माणूस मला घेऊन जात नाही, मी आता ठरवलंय.”

तिने तो अभ्रा बाजूला केला आणि बटणं दाबली. मग माझ्याकडे वळून बघितलं. “मावशी, काकांनी फक्त थेट जाणारी विमानं लावून ठेवलीत.”

“म्हणजे?”

“म्हणजे मध्ये कुठे न थांबणारी. ती महागच असतात. मध्ये थांबून जाणारी तर पहिल्याच दिवशी जवळजवळ निम्म्या भाड्यात मिळत होती. अजूनही आहेत, हे बघ. मी काकांना तेव्हाच म्हटलं होतं काढू या.”

“मग?”

ती जरा घुटमळली. “काका म्हणाले, नको. मध्ये विमान बदलायला सहा तास थांबावं लागतं, तुझ्या मावशीचे पाय सुजतात. तिला विचारू पण नकोस, ती ‘मला चालतं’ म्हणून मोकळी होईल. थेट विमानाचं भाडं जरा खाली आलं की काढतो.”

इतके दिवस मी या माणसाला मनातल्या मनात पिळून, आपटून वाळत घातलं होतं, आणि तो माझ्या पायांसाठी भाड्याच्या मागे लागला होता. मला इतकी माया दाटून आली की रडू येईल असं वाटलं. आणि पाठोपाठ इतका राग आला की रडू आलं नाही.

“हे सहा तास थांबायचं म्हणजे उभं राहायचं?” मी विचारलं.

“छे गं! बसायचं. खुर्च्या असतात ना.”

“पाठ टेकायला असते?”

“असते की.”

“आणि काम काय करायचं?”

“काम कसलं, मावशी? काहीच नाही. नुसतं बसायचं.”

मी आमच्या स्टुलाकडे बघितलं. त्यावरचा अभ्र्यांचा ढीग आज छातीपर्यंत आला होता.

हे परत आले तेव्हा मी काउंटरच्या अलीकडे कमरेवर हात ठेवून उभी होते. त्यांच्या मागोमाग पांढरी पँटही आत शिरली, स्वतःची पँट न्यायला.

“अहो,” मी म्हटलं, “सहा तास खुर्चीत बसायला मिळतंय, वर भाडं निम्मं, आणि तुम्ही ते नको म्हणताय?”

हे भाचीकडे रागाने बघायला लागले. ती कॉम्प्युटरच्या मागे लपली.

“अगं, तुला त्रास होईल. अनोळखी जागा, सहा तास...”

“त्रास? लग्न झाल्यापासून सलग सहा तास बसलेलं बघितलंय मला? तुम्हाला माझे पाय दिसतात, पण ते कशाने सुजतात एवढं कळू नये? उभं राहून सुजतात, बसून नाही!”

ही गोष्ट त्यांच्या डोक्यात कधी आलीच नव्हती. मीही सांगितली नव्हती म्हणा. रोज एकमेकांसमोर असताना कोण कोणाला सांगतं?

“काका, दोनच जागा उरल्यात,” भाची हळूच म्हणाली.

“अजून थांबा,” पांढरी पँट म्हणाली. “मी सांगतो, शेवटच्या आठवड्यात...”

“तुमची पँट उद्या मिळेल,” मी म्हटलं.

यांनी तोंड उघडलं. सवयीने तो शब्द जिभेवर आला होता, मला दिसला. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, हात सदऱ्याला पुसला आणि तिकिटाचं बटण दाबलं. भाचीने टाळ्या वाजवल्या. पांढरी पँट पडेल चेहऱ्याने पँट न घेताच गेली. ती तयार होती, पण आता मागे हटायचं नाही असं मी ठरवलं होतं.

सामान हातातल्याच बॅगेत न्यायचं होतं. लोकांना म्हणे याचं मोठं कोडं पडतं. आम्ही बॅगा भरल्या त्या बघायला भाचीने दुकानातल्या मैत्रिणींना बोलावून आणलं. हे घडी घालत होते आणि मी वाफ मारून ती दाबत होते. आठवड्याचे कपडे असे चपटे बसले की वर यांचा जाड कोट ठेवूनही चेन एका बोटाने लागली. विमानतळावर आमच्या पुढच्या बाईची बॅग काही मापात बसेना. ती घामाघूम झालेली बघून मला राहवलं नाही. तिथेच फरशीवर तिच्या बॅगेतले कपडे काढले आणि घडी घालून दिले. हे म्हणाले, “अगं, आपण सुट्टीवर निघालोय.” मी म्हटलं, “अजून विमानात कुठे बसलोय?”

मग ते मधलं विमानतळ आलं. काय सांगू! भल्यामोठ्या काचा, बाहेर विमानांची ये-जा, आणि रुंद खुर्च्यांच्या रांगाच रांगा. मी एक खुर्ची निवडली, पाठ टेकली आणि पाय बॅगेवर ठेवले. बसले. कोणी कपडे आणून दिले नाहीत. कोणी काही विचारलं नाही. हे बिचारे दर थोड्या वेळाने यायचे, कधी चहा घेऊन, कधी पाणी घेऊन, आणि काळजीने विचारायचे, “कंटाळलीस का?”

“गप्प राहा हो,” मी म्हणायची. “मी बसलेय.”

पुढचं विमान लागलं तेव्हा मला अगदी जिवावर आलं उठायला.

हॉटेल लहानसंच होतं, समुद्रापासून एक गल्ली मागे. खोलीत शिरताच हे खिडकीकडे धावले. मी थेट पलंगापाशी गेले. पांढरी चादर. मी तिच्यावरून हात फिरवला. खळ बेताची, ताण सारखा, कोपरे न मुरगळता दुमडलेले. बाईचाच हात असणार, पुरुष कोपऱ्यात घाई करतात. फक्त उशीजवळ एक सुरकुती होती, वरून इस्त्री फिरल्यामुळे पक्की बसलेली. मला ती लगेच ओळखीची वाटली. ती दिवसाच्या शेवटच्या चादरीवर पडते. पाय इतके दुखत असतात की दिसत असूनही ती परत ओली करून काढायला नको वाटतं. त्या न पाहिलेल्या बाईचा मला एकदम लळा लागला. तिला कुठे बरं बसायला मिळत असेल?

पण माझे हात काही ऐकेनात. कपाटाचं दार अर्धं उघडं होतं आणि आत इस्त्री टांगलेली होती, खाली घडीचं टेबलसुद्धा.

“अहो, एवढी एक सुरकुती काढते,” मी इस्त्री उचलत म्हटलं. “दोन मिनिटांचं काम आहे.”

हे खिडकीतून मागे आले. त्यांनी माझ्या हातातली इस्त्री काढून घेतली, परत जागेवर टांगली आणि कपाटाचं दार लावून त्याला पाठ लावून उभे राहिले.

“उद्या,” हे म्हणाले.

मी चपला काढल्या आणि आडवी झाले. सुरकुती गालाला लागत होती, आणि बाहेर अजून चांगलं ऊन होतं.