जिंकलेल्या बुटावरचा चिखल

जिंकलेल्या बुटावरचा चिखल धुवायचा नाही. पुढच्या वर्षी त्याच बुटात, त्याच चिखलासकट पळायचं. का, ते विचारायचं नाही. हॉकरिग गावाच्या डोंगर-शर्यत मंडळाचा हा नियम, आणि त्या नियमाचा सर्वांत ताजा बळी मी बोलतोय: हेस्टर फॉदरगिलच्या डाव्या पायातला बूट. उजवा माझ्यापेक्षा सोशिक आहे, तो काही बोलणार नाही.

कारखान्यातल्या जन्मात सांगण्यासारखं काही नाही. माझं आयुष्य सुरू झालं जवळच्या केंडल शहरातल्या एका दुकानात. हेस्टर आली तेव्हा दुकानदाराने तिच्यापुढे जाड गुबगुबीत तळाचे, जांभळट रंगाचे बूट मांडले. मुलींना हेच आवडतात, म्हणाला.

"मला डोंगर उतरायचाय," हेस्टर म्हणाली, "झोपायचं नाही."

माणसं बूट घेताना आधी रंग बघतात, मग किंमत, आणि तळ बघायचा राहूनच जातो. हिने मला उचललं आणि आधी उलटं केलं. तळाचे दात अंगठ्याने दाबून पाहिले. ते खोल होते आणि एकमेकांपासून लांब, म्हणजे चिखल अडकणार नाही, पळता पळता गळून पडेल. तळ पातळ होता, म्हणजे पायाला जमीन कळेल. मग तिने नाड्या आवळल्या आणि जिन्याच्या कठड्याला धरून, बोटं उताराकडे करून उभी राहिली. बोटं पुढे आपटली नाहीत. शेवटी तिने दुकानदाराला माझी टाच धरून ओढायला लावली, कारण दलदलही अशीच ओढते. तो बिचारा ओढून लाल झाला. मी हललो नाही. त्या क्षणापासून मी तिचा.

गेल्या वर्षी ग्रे नॅब डोंगराची शर्यत आम्ही जिंकलो. ओलं गवत, निसरडे खडक, मेंढ्यांच्या वाटा, सगळीकडे माझे दात रुतले आणि सुटले. वाटेतला सगळा चिखल मी वाटेतच फेकून दिला. अंगावर राहिला तो फक्त शेवटच्या मेंढवाड्यातला. त्यात निम्म्या लेंड्या होत्या. मंडळाच्या म्हाताऱ्यांनी तो अंगाऱ्यासारखा जपला आणि आम्हा दोघांना मंडळाच्या खोलीतल्या शेगडीवरच्या खिळ्याला टांगलं.

वर्षभर मी तिथे भाजलो. दातांमधला चिखल विटेसारखा झाला, रबर कडक झालं, तळाचा डिंक सुटत आला. खाली बिअरचे ग्लास घेऊन दोन म्हातारे रोज शहाणपण पाजळत: हेस्टरचे आजोबा एडविन आणि मंडळाचे चिटणीस क्लेम.

"बूट पळत नाहीत, पोरी," आजोबा म्हणत. "पाय पळतात."

"मग टांगता कशाला बुटांना? पाय टांगा ना," असं हेस्टर एकदा म्हणाली होती. तिला आल्याचा केक कापायला पिटाळण्यात आलं.

माझ्या शेजारच्या खिळ्यावर तिच्या चुलत भावाचे, माइल्सचे बूट होते. तीन वर्षांपूर्वी तो जिंकला. पुढच्या वर्षी नियमाप्रमाणे न धुतलेल्या बुटात उतरला आणि ओल्या खडकावरून घसरला. गुडघ्याचा चुरा झाला. मंडळाने ठरवलं की पोरगं डगमगलं. बूट पुन्हा खिळ्यावर गेले. आता माइल्स काठी टेकत शर्यतीच्या दिवशी चहा वाटतो.

आज पुन्हा शर्यत आहे. पहाटेपासून पाऊस आहे. क्लेमनी मला खिळ्यावरून काढलं, एखाद्या मूर्तीसारखं दोन्ही हातांवर धरलं आणि हेस्टरपुढे ठेवलं. मला ओरडावंसं वाटलं. बूट स्वतःच्या मालकिणीला सांगतो की मला घालू नकोस, याहून वाईट वेळ बुटावर कोणती येणार? पण बुटाचं ऐकतं कोण? इथे तर धडधाकट मुलीचंही ऐकत नाहीत.

हेस्टरने मला घातलं नाही. दुकानात केलं होतं तेच तिने केलं: मला उलटं केलं. दातांवर अंगठा दाबला. चिखलाबरोबर एक दात तुटून तिच्या हातात आला, आणि पुढून माझा तळ सुटून जबडा उघडावा तसा वासला. मला बोलता येत नव्हतं, पण तोंड तर उघडलं.

"हात लावू नकोस," क्लेम म्हणाले. "साठ वर्षांची रीत आहे."

तिने शेजारच्या खिळ्यावरून माइल्सचा बूट काढला आणि तोही उलटा करून टेबलावर ठेवला. वाळून दगड झालेल्या चिखलात दात दिसतच नव्हते. तळ शेणाने सारवलेल्या जमिनीसारखा सपाट होता. दोन वर्षं तो पुरावा त्यांच्या डोक्यावर लटकत होता, आणि हात लावायचा नाही म्हणून कुणी पाहिला नव्हता.

चहाच्या किटलीजवळ माइल्स उभा होता. तो त्या तळाकडे बघत राहिला.

"डगमगला म्हणालात त्याला," हेस्टर म्हणाली. "आजोबा, तो पडला तेव्हा याचा तळ कुणी बघितला होता?"

आजोबांनी ग्लास खाली ठेवला.

तिने पिशवीतून नवे बूट काढले. खोल दातांचे, पातळ तळाचे, माझ्याच जातीचे. मला हेवा वाटला नाही. बुटाने झिजून मरावं, टांगून नव्हे. तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी खिळ्यावर असेल तर त्याला एकदा उलटा करून बघा, एवढंच माझं मागणं.

"मंडळातून नाव कापलं जाईल," क्लेम म्हणाले.

"कापा. मी हे घालणार नाही," नाड्या आवळत ती म्हणाली. "एवढी रीत प्यारी असेल तर तुम्ही घाला, आणि या माझ्या मागोमाग उतरत."

क्लेमनी माझ्याकडे पाहिलं, मग माइल्सच्या काठीकडे. आजोबांनी कुणाकडेच पाहिलं नाही. पत्र्यावर पाऊस वाजत होता, आणि हेस्टर नव्या बुटांत दाराबाहेर पडली.