कप्तानची डावी बाजू

व्हिसा हातात पडले त्याच आठवड्यात कप्तान चष्म्याचा नंबर तपासायला चष्मेवाल्याच्या दुकानात आला. तीन देश ओलांडून समुद्रापर्यंत मोटारसायकलने जायचं, हे तिघा मित्रांनी कॉलेजात ठरवलं होतं आणि पोटं सुटल्यावर ते एकदाचं जमत होतं. चष्मेवाल्याने दुकान सांभाळायला माणूस शोधला होता. चित्रकला शिकवणाऱ्या मास्तरने हेडबाईंच्या मागे लागून बिनपगारी रजा मिळवली होती. कप्तानची बेकरी त्याची बायको बघणार होती. ही बायको म्हणजे चष्मेवाल्याची धाकटी बहीण, त्यामुळे कप्तान त्याचा मित्रही होता आणि मेहुणाही. कुठेही निघाले की तो पुढे असायचा आणि बाकीचे दोघे त्याच्या मागच्या दिव्याकडे बघत जायचे, म्हणून तो कप्तान.

अक्षरं त्याने अगदी खालच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचली. मग चष्मेवाल्याने सवयीने त्याचा एकेक डोळा झाकला, "माझ्या नाकाकडे बघ, बोट दिसलं की सांग," म्हणाला आणि हात लांब पसरून बोट हलवत आत आणू लागला. डाव्या बाजूचं बोट गालाजवळ आलं तरी कप्तान गप्पच. चष्मेवाल्याने पुन्हा केलं. पुन्हा तेच.

काचबिंदू असणार, हे त्याला तिथल्या तिथे कळलं. अशा गिऱ्हाइकांना तो त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे पिटाळायचा, ऐकत नसतील तर घरच्यांना फोन करायचा.

"काय, पास की नापास?" कप्तानने विचारलं.

"नंबर थोडा वाढलाय. काच बदलून देतो."

इतकं सहज तोंडातून गेलं की त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं. खरं बोलला असता तर बेत तिथेच मोडला असता. मास्तर आणि तो, दोघांनाही कप्तानशिवाय जायचं धाडस नव्हतं. आल्यावर सांगू, त्याने मनाशी घोकलं, महिन्या-दीड महिन्याने काय बिघडतंय. काय बिघडतं ते त्याच्याइतकं चांगलं तिघांत कुणालाच माहीत नव्हतं.

रविवारी बेकरीमागच्या खोलीत नकाशा पसरून तिघे बसले. कुठे मुक्काम, कुठल्या नाक्यावर गाड्यांचे कागद दाखवायचे, यावर वाद चालला होता. बहीण चहा घेऊन आली.

"दादा, याचे डोळे नीट आहेत ना? हल्ली ट्रे घेऊन येताना दाराच्या चौकटीला आपटतो."

"दार अरुंद आहे," कप्तान म्हणाला.

"तुला नाही विचारलं. दादा?"

"नवी काच बसली की होईल ठीक."

तिने मान डोलावली आणि निश्चिंत मनाने कप गोळा करू लागली. चष्मेवाल्याने नकाशात डोकं घातलं. मास्तर काय म्हणत होता, त्यातलं एक अक्षर त्याच्या कानात शिरलं नाही.

पुढच्या रविवारी सगळं सामान लादून सराव करायला तिघे शहराबाहेर निघाले. गोदामांच्या रस्त्याला एका चौकात डावीकडून एक बाई सायकलवर आली. चांगली दुरून दिसत होती. चष्मेवाल्याने हॉर्न दाबून धरला, पण कप्तानने वेग जरासुद्धा कमी केला नाही. बाईने सायकल वळवली, तरी त्याच्या सामानाची पेटी तिला घासून गेली आणि ती रस्त्यावर पडली. कोपर सोलवटलं, पिशवीतले बटाटे चौकभर पसरले.

कप्तान तिची दहादा माफी मागत बटाटे गोळा करत होता. "कुठून आलात, कळलंच नाही हो," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता.

"झोपला होतास का?" मास्तर म्हणाला. "आता मी राहतो पुढे."

बाईला दवाखान्यात पट्टी करून घरी सोडलं. मास्तर गेल्यावर चष्मेवाला कप्तानबरोबर बेकरीत आला. भट्टी बंद होती. कप्तान पिठाच्या पोत्यावर बसला.

"त्या बाईला काही झालं असतं ना, तर माझ्यामुळे झालं असतं," चष्मेवाला म्हणाला.

"गाडी मी चालवत होतो."

"तुला बाजूचं दिसत नाही. काचबिंदू असावा. तपासलं तेव्हाच मला कळलं होतं."

कप्तान हाताला लागलेलं पीठ चोळत राहिला.

"मला शंका होतीच," तो शेवटी म्हणाला. "म्हणून तर तुझ्याकडे आलो. तू नंबर म्हणालास, तेव्हा वाटलं, मीच उगाच घाबरतोय."

यापेक्षा त्याने दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं चष्मेवाल्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी चष्मेवालाच कप्तानला आणि बहिणीला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली थेंब घालून टिकवायची, आणि मोटारसायकल बंद, असं डॉक्टरने सांगितलं. "याआधी कधी तपासले होते?" त्याने विचारलं.

"तपासले होते," बहीण म्हणाली. "पण तेव्हा कुणी काही बोललं नाही."

भावाकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

चष्मेवाल्याने बेत रद्द केल्याचं सांगितलं, तेव्हा कप्तान वैतागला. "तू घरी बसून मला काय मिळणार? रोज तुझं पडलेलं तोंड बघायचं? मास्तरची रजा वाया घालवू नकोस. जा."

दोघे गेले. वाट दोनदा चुकली, एका नाक्यावर कागदांवरून अख्खा दिवस गेला, पण समुद्रापर्यंत पोचले. चांगला रस्ता लागला की चष्मेवाल्याला आपण कुणाचं तरी चोरून खातोय असं वाटायचं.

किनाऱ्यावरून त्याने फोन लावला. कप्तानने घाट कसा होता, वळणं किती, वारा कुठून होता, सगळं खोदून खोदून विचारलं. चष्मेवाला सांगत राहिला. फोनमधून मागे बहिणीचा आवाज येत होता, कुणा गिऱ्हाइकाला ती पाव बांधून देत होती. बोलणं लांबलं, गिऱ्हाईक गेलं, आवाज थांबला. ती तिथेच असणार. फोन मात्र तिने मागितला नाही.