तुंब्यासकट तळाला

काठ

सरपंच उकंडरावानं विहिरीत खडा टाकला. ठण् वाजलं.

"आयकलं? मचूळ व्हतं ते बी गेलं. माती टाका, बुजवा, वर पार बांधा. बसाले तरी कामी येईन."

वरवट बकालच्या त्या आळीतल्या बाप्यांनी माना डोलावल्या. बायांनी नाही. पार झाला तर त्यावर बसणार बापे, आणि नदीवरून हंडे वाहणार बाया.

तेवढ्यात खांद्यावर सब्बल, म्हणजे पहार, घेऊन जानराव पुढं आला. "बुजवू नोका. पूर्वेच्या अंगाले झरा हाय. गोड पान्याचा."

"काऊन बे, सपन पडलं का?"

"सपन कायचं? मी सोता जाऊन आलो तितं."

काठ असा हसला की लिंबावरचे कावळे उडाले. जानराव तिथं कसा जाऊन आला होता, ते गावाला पाठ होतं. तुम्हाला नाही. तर चला खाली.

चार परस खोल

गावात पोरांना पोहायला शिकवायची रीत सोपी होती. पाठीला सुका भोपळा, म्हणजे तुंबा, बांधायचा आणि याच विहिरीत ढकलून द्यायचं. ढकलायला उकंडा. तेव्हा त्याला नुकतंच मिसरूड फुटलेलं, अंगानं मासोळी.

जानराव आठेक वर्षांचा. घरात तुंबा एकच, आढ्याला टांगलेला. आई, जनकाबाई, त्यात वाळकाचं बी जपून ठेवायची. बी काढायला तोंडाशी भोक, भोकाला चिंधीचा बोळा. पोरानं बी मडक्यात ओतलं, बोळा परत कोंबला, तुंबा पाठीला आवळला आणि कुणी ढकलायच्या आत ऐटीत उडी मारली.

चिंधी ती चिंधीच. निसटली. तुंबा पाणी प्यायला लागला.

बुडुक.

बुडुक.

बुडुक.

बाकीची पोरं वर बेडकासारखी हातपाय झाडत होती. जानराव तुंब्यासकट तळाला.

तिथं गाळात पाय रुतले. कुणीतरी गार हातानं बरगडीत ढोसलं. तो ओरडायला गेला, तोंडात पाणी आलं, आणि ते मचूळ नव्हतं. गोड होतं! एवढ्यात उकंडानं शेंडी धरून वर ओढला.

"खाली गोड पानी हाय," ओकता ओकता पोरगं म्हणालं.

"आयका! आपन मचूळ पेतो, अन् ह्याले यमानं सरबत पाजलं!"

त्या दिवसापासून त्याचं नाव तुंबा. शाळेत तुंबा. स्वतःच्या लग्नात, बोहल्यावरही तुंबा.

कोरडं

चीड मोठी कामाची असते, नीट जुंपली तर. पाण्यात म्हणून जानराव परत उतरला नाही. पण ज्या तळानं आपलं हसं केलं, त्या तळाचाच धंदा त्यानं धरला. विहिरी खोदायला लागला.

"कोरड्या इहिरीत मले कोन बुडवते?" असं तो म्हणे.

वडनेर भोलजीत खोदली, धामणगाव बढ्यात खोदली. दगडाला कान लावून ऐकायचा. पाणी लागलं की सगळ्यांच्या आधी दोरावर. बाकीचे खाली नाचत, हा वरून नारळ फोडे. बाहेरगावी लोक त्याला जानराव मिस्त्री म्हणत. आपल्या वेशीत पाय पडला, की तुंबा. गावानं त्याच्याकडून साधा खड्डा खणवून घेतला नाही.

पुन्हा काठ

जानरावाची बायको विमलबाई पदर खोचून पुढं झाली. "सरपंचभाऊ, माती काई पळून नाई चालली. आजचा दिस द्या याईले."

"अन् पानी नाई लागलं तं?"

जानरावच बोलला. "तं बांधा पार. अन् त्याच्यावर चुन्यानं माह्यं नाव लिहा. जानराव नाई, तुंबा. येनारा-जानारा वाचीन."

आता कुणी हसलं नाही.

तळ

आळीतल्या दयारामनं रहाट धरला आणि जानराव खाली उतरला. पूर्वेच्या बांधकामात दोन दगडांमध्ये चीर होती, पण गाळानं अशी बसलेली की सब्बल उलटी उडे. उन्हं डोक्यावर आली. उन्हं कलली. वर बघे पांगले. उकंडराव विडीवर विडी ओढत बसला होता. विमलबाई भाकर घेऊन आली. पदराखाली आणखी काहीतरी होतं, पण ते तिनं दाखवलं नाही.

ठण्. ठण्. ठण्.

भद्.

चिरीतून गाळाचा गोळा सुटला, मागून धार आली आणि जानरावाच्या बरगडीत गार हातानं ढोसलं. तोच हात! इतक्या वर्षांनी, पण ओळख लगेच पटली.

"दयाराम, बादली वढ! सरपंचाले चाखाले दे!"

बादली वर गेली. खाली पाणी घोट्यावरून गुडघ्यावर आलं.

"कसं हाय, उकंडभाऊ?"

वर उकंडरावानं एक घोट घेतला.

"सांगा ना! मांडीले आलं!"

"थांब बे. एका घोटात काय समजते?"

"कमरेले आलं, बापा!"

उकंडरावानं दुसरा घोट घेतला. तिसरा घेतला. मिशा पुसल्या. काठावर वाकला आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असा ओरडला, "सरबत हाय, जानराव! निरं सरबत!"

'जानराव' म्हणाला तो. 'तुंबा' नाही. बाया हंडे घेऊन पळत सुटल्या.

"तं मंग दोर सोडा ना लवकर!" खालून आवाज आला. "मले आजून पोहता नाई येत!"

दोर आला. त्याच्या टोकाला विमलबाईनं पदराखालून काढलेला सुका तुंबा उकंडरावानं स्वतःच्या हातानं बांधला होता.

छातीभर गोड पाण्यात उभं राहून जानरावानं सगळ्यात आधी त्याचा बोळा तपासला.