शाब्बासकीचं फूल

गिरिधररावांना पायी फिरायला लावण्यासाठी यमुताईंनी काय नाही केलं! साखर वाढली तेव्हा हात जोडले, पायाची जखम चिघळली तेव्हा रडल्या. उत्तर ठरलेलं. "तू चूप बस वं."

आणि आता? हुडकेश्वरच्या त्यांच्या कॉलनीतल्या ज्येष्ठ मंडळानं नंदिनी नावाची एक बाई व्यायाम शिकवायला आणली. तिनं नियम केला: जो आठवडाभर न चुकता चालेल आणि गोडाला हात लावणार नाही, त्याला रविवारी सगळ्यांसमोर गुलाबाचं फूल. बस, एवढंच! गिरिधरराव उजाडायच्या आत बूट घालून तयार. चहा बिनसाखरेचा. नंदिनीचा फोन आला की म्हणायचे, "हो जी. येतो न जी."

जी! यमुताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. नवऱ्याची तब्येत सुधारत होती, आनंद व्हायला हवा होता, पण होत नव्हता. आपण जन्मभर घसा कोरडा केला, त्याचं काही नाही. आणि त्या बाईच्या एका फुलाला एवढा भाव? अख्ख्या संसारात त्यांच्या वाट्याला कधी एक 'जी' आला नव्हता.

शेवटी नजर ठेवायला त्याही निघाल्या. साडीखाली मुलाचे जुने बूट.

"तू काहून येऊन राहिली?"

"मैदान काय तुमच्या नावावर हाय?"

पण नजर ठेवायची तर मागे पडून कसं चालेल? पुढे नंदिनी भरभर, तिच्यामागे गिरिधरराव, त्यांच्यामागे यमुताई. रागानं पाय आपसूक उचलले जात. गुडघे कुरकुरायचे थांबले, हेही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

असा आठवडा गेला. रविवारी नंदिनीनं विचारलं, "काका, काल लग्नात जिलबी खाल्ली ना?" गिरिधररावांनी मान खाली घातली. आठवडाभर न चुकलेल्या, जिलबीलाही हात न लावलेल्या यमुताईंच्या हातात फूल आलं.

"काकू, तुम्हाला कसं जमलं?"

"जळून," यमुताई म्हणाल्या. "तुह्यावर जळून, बाई."

सगळे हसले. नंदिनीही हसली. गिरिधरराव तेवढे हसले नाहीत. ते फुलाकडे बघत होते.

घरी परतताना यमुताई अंबाड्यात फूल खोवून पुढे निघाल्या.

"थांब वं," मागून आवाज आला. त्यांनी पाय उचलला.

"अवं, थांब न!" त्यांनी आणखी उचलला.

मग धापा टाकत, सारी गल्ली ऐकेल असा आवाज आला, "थांबा न जी!"

यमुताई थांबल्या. सावकाश मागे वळल्या.

"काय म्हटलं? मले ऐकू नाही आलं."