दुसरी घंटा

परिचारिकांच्या परिषदेत घंटा कोणी वाजवायची यावर कधी वाद झाला नाही. घड्याळसिस्टर असताना दुसरं कोण वाजवणार? बाई निवृत्त झाल्या, पण दरारा तसाच. वॉर्डात इंजेक्शनची वेळ टळली की त्या भल्याभल्या डॉक्टरांची खरडपट्टी काढायच्या. तेव्हा शोधनिबंधांच्या स्पर्धेत टेबलावरची पितळी घंटा त्यांच्यापुढेच असायची. पहिली घंटा म्हणजे आवरतं घ्या, दुसरी म्हणजे तोंड मिटा. घंटा राहून गेली तरी बोलणाऱ्याची सुटका नव्हती. वेळ ओलांडली की परीक्षक सरळ बाद करायचे.

यंदा मात्र बाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. शेवटचा निबंध त्यांच्या लेकीचा होता.

लेक लांबच्या शहरात, भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात नोकरीला. पहिलं बक्षीस मिळालं तर परदेशात तीन वर्षं शिकायची संधी. नाही मिळालं तर इथल्याच नर्सिंग कॉलेजात शिकवायची जागा तिच्यासाठी राखून ठेवलेली. म्हणजे घरी. आईजवळ. बाईंनी तिची खोली झाडूनपुसून ठेवली होती आणि वर फोनवर, "सहज झाडली गं, धूळ फार होते," असंही सांगून टाकलं होतं. कसली धूळ नि कसलं काय!

या मायलेकींच्या नशिबात धड एकत्र राहणं नव्हतंच. वडील लवकर गेले आणि बाईंच्या मागे कायमची रात्रपाळी लागली. पोरीला शेजारची मावशी निजवायची. सकाळी बाई घरात शिरायच्या तेव्हा पोरगी दप्तर घेऊन बाहेर पडायची. दारातच गाठ, दारातच वेणीची रिबीन सारखी करणं, दारातच "डबा घेतलास का?" पाळी बदलताना दोन नर्स बोलतात तेवढंच बोलणं. पुढे लेकही नर्स झाली आणि गेली ती गेलीच. बाईंना आता एवढंच हवं होतं, की सकाळचा चहा दोघींनी बसून प्यावा. घाईघाईने घशात ओतलेला नव्हे, गप्पा मारता मारता दुसऱ्यांदा कपात घेतलेला.

लेक मंचावर उभी राहिली.

"ड्रेसिंग बदलताना पेशंट ओरडतो," ती म्हणाली, "आणि आपण काय म्हणतो? झालं, झालं, थोडंच राहिलंय. आम्ही पेशंटला सांगितलं, सहन होईना की हात वर करा, आम्ही थांबू. आणि खरंच थांबलो."

अशी मुभा मिळालेल्या पेशंटना वेदनेवरचं औषध कमी लागलं, हे तिने आकड्यांनिशी दाखवलं. परीक्षक भराभर लिहून घेऊ लागले. बाईंचा ऊर भरून आला आणि त्याच वेळी झाडूनपुसून ठेवलेली खोलीही डोळ्यांपुढे आली. पोरगी पहिली येणार हे सांगायला आता ज्योतिषी नको होता.

बाईंनी पहिली घंटा वाजवली. लेकीने मान हलवली, आणि आवरतं घ्यायचं सोडून भलतंच काढलं. मार्गदर्शकांचे आभार, सफाईवाल्या मामांचे आभार, मग "अजून एक पेशंट आठवतो." एवढी शहाणी पोर, आणि वेळेचं भान नसावं?

बाईंचा हात घंटेवर गेला आणि तिथेच अडला. नाहीच वाजवली तर? बाईंचं आता वय झालं म्हणतील, चार दिवस हसतील. पोरगी तर घरी येईल. बोलता बोलता लेक त्यांच्याकडेच बघत होती.

"कार्टे, आवर की!" बाई दातओठ खात पुटपुटल्या आणि त्यांनी घंटा वाजवली. अशी जोरात, की पुढच्या रांगेतले परीक्षक दचकले. लेक वाक्य अर्धंच टाकून खाली उतरली.

निकालाआधी ती आईच्या शेजारी येऊन बसली. तोंड फुगलेलं.

"वेळेचं काही भान आहे की नाही?" बाई तडकल्या. "बाद झाली असतीस ना!"

"व्हायचंच होतं मला."

"काय?"

"मला वाटलं, आज तरी नाही वाजवणार तू." लेकीचा आवाज बारीक झाला. "रोज संध्याकाळी तू पर्स उचललीस की मी मनात म्हणायचे, आज हिला उशीर होऊ दे. एकदाही झाला नाही, आई."

बाईंनी लेकीची सुटलेली बट कानामागे सारली.

"हात अडला होता गं माझा," त्या म्हणाल्या. "खोटं नाही सांगत. तू घरी यावीस म्हणून जीव तुटतो माझा."

"मग तसं म्हण ना! कधी म्हणाली आहेस का?"

तेवढ्यात माइक खरखरला. तिसरा क्रमांक झाला, दुसरा झाला, आणि पहिल्याला लेकीचं नाव आलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. लेक जागची हलली नाही. माना वळवून वळवून सगळे तिच्याकडे बघू लागले, पण ती आपली आईकडे बघत बसलेली.

ऑपरेशन झालेल्या पेशंटला पहिल्यांदा उभं करताना द्यायच्या तसा बाईंनी लेकीच्या काखेत हात दिला.

"राहा," त्या म्हणाल्या. "राहा गं माझ्याजवळ. म्हटलं बघ. आता ऊठ."

लेक डोळे पुसत उठली. बाईंनी तिला हलकेच पुढे ढकललं, आणि ती मंचाकडे चालू लागली.