स्वखुशीनं

यादवच्या दाढेखालची लवंग अजून झणझणत होती. लवंग युनियनची, आवाज बसू नये म्हणून दिलेली. कापडगिरणीच्या फाटकावरच्या कर्ण्यात चिमणीनं घरटं केलं होतं, ते काढावं की नाही यावरून युनियनमध्ये दोन गट पडले होते, आणि निकाल लागेपर्यंत कर्णा म्हणजे यादव! नवा मध्यप्रदेश होऊन वर्षही झालं नव्हतं. पुढारी शालिग्रामजी इंदूरहून आलेले, हिंदीत बोलणारे. त्यांचं एकेक वाक्य यादवनं मराठीत, मागच्या रांगेपर्यंत ओरडायचं... थंडीत गळ्याला मफलर गुंडाळ म्हणून शालिग्रामजी बजावत ते, युनियनची सायकल आत घे म्हणावं, तशा आवाजात. घरी बायको, मालूबाई, विचारायची, "हे तुम्ही बोलून राह्यले, का युनियन?"

"हमारे बुज़ुर्ग साथी," आजच्या सभेत शालिग्रामजी म्हणाले, "अपनी खुशी से काम छोड़ रहे हैं."

"आपले वडीलधारे सोबती," यादव गरजला, "स्वखुशीनं काम सोडताहेत!"

टाळ्या. वाक्य तोंडातून गेल्यावर मग त्याला ते ऐकू आलं. झकास जमलं होतं. 'स्वखुशीनं'च्या आधी तो किंचित थांबलाही होता — कोणी सांगितलं होतं थांबायला? गिरणीला म्हातारे नको होते. युनियननं परस्पर मान डोलावली असणार... आणि पहिल्याच रांगेत सुकलालकाका, ज्यांनी त्याला मागावर उभं केलं, ते मनापासून टाळ्या वाजवत होते.

काका शेजाऱ्याकडे वळले. "कोनते म्हातारे रे भाऊ?"

"तुम्हीच ना, काका!"

"मी कधी म्हनलो?" हात टाळीतच राहिले. "काय रे यादव, मी म्हनलो का असं?"

राग आधी शालिग्रामजींचा आला, मग टाळ्यांचा, मग काकांचाही — स्वतःच्या हकालपट्टीला टाळ्या वाजवतं का कोणी! — आणि सगळीकडे हिंडून तो यादवच्याच तोंडाशी येऊन थांबला. काका इतकी वर्षं बोलले नाहीत ते वाक्य या तोंडानं त्यांच्या वतीनं, ठसक्यात, म्हणून टाकलं होतं...

"हम सब उनके आभारी हैं," शालिग्रामजी म्हणाले आणि थांबले.

तोंड सवयीनं उघडलं. मराठी वाक्य आत तयार होतं, इस्त्री करून ठेवल्यासारखं. ते बाहेर आलं नाही. माना वळल्या. शालिग्रामजी खाकरले, तेच पुन्हा मोठ्यानं म्हणाले, मागच्या रांगेत कोणीतरी "काय म्हने?" विचारलं. काका अजून उत्तराची वाट पाहत होते. ही आता भ्यायची वेळ आहे, हे यादवला नीट कळत होतं — नोकरी, मालूबाई, घरभाडं — पण आत त्या रागापुढे भीतीला पाय ठेवायलासुद्धा जागा नव्हती.