गेलेल्या डॉक्टरांचं निदान

रविवारी सकाळी डॉक्टरांच्या संघटनेचं सभागृह नुसतं ओसंडत होतं. एरवी निरंतर शिक्षणाच्या व्याख्यानाला साठ जण सही करत आणि वीस जण बसत. बाकीचे चहा घेऊन, परवान्याच्या नूतनीकरणाला लागणारे दोन गुण पदरात पाडून पसार. गेले पाच महिने मात्र भिंतीला टेकून उभं राहायलाही जागा नव्हती. कारण तिथे मोठे डॉक्टर बोलायचे, आणि मोठे डॉक्टर जाऊन सहा महिने झाले होते.

सुरुवात नेहमीसारखी रूक्ष झाली. डॉक्टरांवर हात उगारणाऱ्यांना कडक शिक्षा व्हावी, असं सरकारला पाठवायचं निवेदन वाचून झालं. मग पदवी नसताना दवाखाने थाटून भोळ्या लोकांना फसवणाऱ्यांविरुद्धचा ठराव आला. एकमताने मंजूर. टाळ्या विरल्या तशी कुणीतरी उठून खिडक्यांचे पडदे ओढले आणि सगळ्यांचे डोळे व्यासपीठावरच्या एका खुर्चीकडे वळले. खुर्चीच्या पाठीवर मोठ्या डॉक्टरांचा स्टेथोस्कोप लटकत होता. काळी नळी, टोकांपाशी भेगाळलेली. पंख्याच्या वाऱ्याने ती जरा हलली तरी पुढच्या रांगेतले श्वास अडकत.

शेवटच्या रांगेत ती बसली होती. एका मांडीवर हजेरीची वही, दुसरीवर तिची लेक चिमी. संघटनेच्या मासिक पत्रिकेची जुळणी करायची, हजेरी घ्यायची, प्रमाणपत्रं छापायची, ही तिची नोकरी. "पदवी रसायनशास्त्राची आणि काम चिकटवाचिकटवीचं," असं नवरा चिडवायचा. चिमी चौदा महिन्यांची होती, दिसायला नऊ महिन्यांची. तिची आई दिवसातून पाच-सहा वेळा घड्याळ समोर धरून तिचे श्वास मोजायची. आत्ताही मोजत होती.

चिमीच्या हृदयाच्या पडद्याला भोक होतं. ते आपसूक बुजेल की ऑपरेशन करावं लागेल, एवढाच प्रश्न होता. चिमी आठ महिन्यांची असताना आईने तिला मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी याच स्टेथोस्कोपने खूप वेळ ऐकलं. एकदा डोळे मिटून, एकदा उघडून. मग चिमीचा गाल चिमटीत धरून म्हणाले, "सोमवारी ये, पोरी. सांगतो." शनिवारी ते गेले.

ते न सांगितलेलं वाक्य तिच्या मानगुटीवर बसलं. भांडी घासताना, बस पकडताना ती ते स्वतःच पुरं करून बघायची. कधी असं, कधी तसं. त्यांना काहीतरी ऐकू आलं होतं. ते बरोबर घेऊन ते निघून गेले होते.

म्हणून तीन महिन्यांपूर्वी तिने धाकट्या डॉक्टरांना जिन्यात गाठलं. धाकटे डॉक्टर म्हणजे मोठ्यांचे वीस वर्षांचे साहाय्यक, आता संघटनेचे सचिव. त्यांनी तो स्टेथोस्कोप चिमीच्या छातीला लावला, मान तिरकी केली, मोठ्या डॉक्टरांसारखेच दोनदा खाकरले आणि त्याच खर्जातल्या आवाजात म्हणाले, "बुजत आलंय, पोरी. सुरी नको लावूस."

ती तिथेच पायरीवर बसून रडली होती. हृदयाच्या सोनोग्राफीची, म्हणजे इकोची, तारीख तिने पुढे ढकलली. मग पुन्हा एकदा ढकलली.

"अगं, तू सायन्सवाली ना?" नवरा म्हणाला होता.

"तो त्यांचाच आवाज होता. आणि मला 'पोरी' दुसरं कोण म्हणतं?"

व्यासपीठावर आता चष्मेवाले डॉक्टर त्यांच्या रुग्णाची हकिगत वाचत होते. पद्धत अशी, की दर महिन्याला दोन अवघड रुग्णांची माहिती पत्रिकेत छापायची. सभेत त्यातला पहिला वाचून सभासदांनी निदान ओळखायचं. उत्तर बंद पाकिटात थेट कार्यालयात यायचं आणि पत्रिका सभा संपल्यावरच हातात पडायची. म्हणजे लबाडीला जागाच नाही, असं सगळे म्हणत.

"रंगारी. वय बेचाळीस. दहा वर्षं जुन्या इमारतींचे रंग खरवडायचं काम. पोटात कळा, चेहरा पांढराफटक, मनगटं लुळी पडलेली. ताप नाही."

धाकटे डॉक्टर खुर्चीत बसले. स्टेथोस्कोप कानाला लावला. दुसरं टोक ठेवलं ते कुणाच्या छातीवर नाही, मांडीवरच्या रुग्णाच्या फायलीवर.

"मित्रहो, कागदालाही ठोके असतात," ते हळू आवाजात म्हणाले. "यंत्रांना ते ऐकू येत नाहीत. त्याला कान लागतो. आणि तो कान माझा नव्हे."

एम.डी. झालेली, परदेशी जाऊन आलेली माणसं पुठ्ठ्याच्या फायलीचे ठोके ऐकायला पुढे झुकली. दोनदा खाकरणं ऐकू आलं. तिच्या अंगावर काटा आला. दर वेळी यायचा.

"गोठा," तो खर्जातला आवाज म्हणाला. "गोठ्यात काम... कच्चं दूध... जनावरांकडून आलेला ताप. चढतो, उतरतो, पुन्हा चढतो."

चष्मेवाले गोंधळले. "पण सर, तो रंगारी आहे. ताप नाहीच त्याला. रक्तात शिसं सापडलंय, रंगातलं."

खुर्ची जराशी करकरली. "ताप आत आहे. मुरलेला."

मग कुजबुज सुरू झाली, आणि ती भलत्याच दिशेने निघाली.

"हाडात मुरला असेल."

"शिशाचा रिपोर्ट कुठल्या लॅबचा? त्या लॅबचं काही खरं नाही."

"मोठे डॉक्टर चुकलेत का कधी?"

"तूर्त शिशावरचे उपचार थांबवा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "परत तपासून बघू."

चष्मेवाल्यांनी पेनाचं टोपण काढलं.

शेवटच्या रांगेत तिचं श्वास मोजणं थांबलं. हे शब्द तिच्या ओळखीचे होते. 'गोठ्यात काम, कच्चं दूध' हे तिने स्वतः टाइप केलं होतं, बुधवारी, कुरकुरत्या चिमीला खांद्यावर घेऊन, एका हाताने. पण ते रंगाऱ्याचं नव्हतं. ते दुसऱ्या रुग्णाचं होतं, गवळ्याचं.

दाराशी पत्रिकेचे गठ्ठे होते. तिने वाकून एकाची सुतळी ओढली, एक प्रत काढली, शेवटचं पान उघडलं. वर खोकल्याच्या औषधाची जाहिरात, मधे इंजेक्शनची. तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, उलटी छापलेली उत्तरं. तिने पान फिरवलं. रुग्ण पहिला: गोठ्यात काम, कच्चं दूध; जनावरांकडून आलेला, चढता-उतरता ताप. रुग्ण दुसरा: शिशाची विषबाधा.

अदलाबदल झाली होती. तिच्याच हातून.

बाकीची पत्रिका संपादकांकडे जायची. हे एक पान तेवढं दर महिन्याला सभेआधी सचिवांकडे जायचं, जाहिराती मंजूर करायला. कार्यालयात त्याला सगळे 'जाहिरातींचं पान' म्हणत. तीही म्हणायची. उत्तरं त्याच पानावर असतात, हे तिच्या इतक्या दिवसांत ध्यानात आलं नव्हतं.

मेलेल्या माणसाला सगळं कळतही असेल. पण तिने बुधवारी केलेली चूक त्याच्या तोंडून कशी येईल?

गप्प बसणं सोपं होतं. नोकरीचं एक वेळ सोडा; हे बोललं की 'बुजत आलंय, पोरी' हेही गेलं. तीन महिने त्या एका वाक्याच्या जिवावर तिला झोप लागत होती. तिने खाली पाहिलं. चिमीच्या कानशिलावरचे केस घामाने चिकटले होते आणि प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडत होता. हे तिने रोज पाहिलं होतं, आणि रोज त्याला दुसरं काहीतरी नाव दिलं होतं. पुढे चष्मेवाल्यांचं पेन कागदावर टेकलं. कुठल्याशा खाटेवर पडलेल्या रंगाऱ्याचं औषध बंद होत होतं.

ती उठली. "मॅडम, एक चूक झालीय. माझी."

"ताई, सत्र चालू आहे," कुणीतरी दटावलं.

"माहितीये. उत्तरांची अदलाबदल झालीय. रंगाऱ्याच्या नावावर मी गोठ्यातला ताप छापलाय." ती बोलता बोलता पुढे चालत राहिली. "आत्ता सरांनी सांगितलं तेच. शब्दाला शब्द."

अध्यक्षबाईंनी प्रत घेतली, उलटी धरली, वाचली. पुन्हा वाचली. "हे पान छापायच्या आधी कोण बघतं?"

"मी. आणि जाहिरातींसाठी सचिव."

"योगायोग असू शकतो..." धाकटे डॉक्टर म्हणाले. हा त्यांचा स्वतःचा आवाज होता, पातळ. पाच महिन्यांत त्या खुर्चीतून तो कुणी ऐकलाच नव्हता.

"अहो, कसला योगायोग?" चष्मेवाले ओरडले. "टायपिंगची चूक तुमच्या कानात शिरली कुठून?"

धाकट्यांनी स्टेथोस्कोप कानातून काढला. ते नळी बोटांभोवती गुंडाळत राहिले.

"पहिल्यांदा मी नुसता आठवण म्हणून लावला होता," ते म्हणाले. "उत्तर डोळ्यांखालून गेलेलं होतं. तोंडातून आवाज आला तो त्यांचा. वीस वर्षं ऐकला होता मी. आणि तुम्ही सगळे उभे राहिलात." ते थांबले. "मला कधी कुणी उभं राहून ऐकलं नव्हतं."

तिने चिमीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

"आणि माझ्या मुलीचं उत्तर कुठल्या पानावर होतं?"

त्यांनी मान वर केली नाही. "तुमच्या चेहऱ्यावर. तुम्हाला काय ऐकायचंय ते दिसत होतं, ताई."

"आणि 'पोरी'?"

"ते सगळ्यांनाच पोरी म्हणायचे."

चष्मेवाल्यांनी लिहिलेली ओळ खोडली. एक जण उठला आणि त्याने पडदे सरकवले. उजेड आला तरी कुणाला कुणाकडे बघवेना.

मंगळवारी चिमीचा इको झाला. बालहृदयरोगाच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि घाईत होत्या. "भोक बुजलेलं नाही. फुफ्फुसांवरचा दाब वाढायला लागलाय. ऑपरेशन लवकर करायला हवं. आणखी वर्षभर थांबला असतात, तर फार अवघड झालं असतं."

तिने विचारलं, "कशावरून?"

नर्सने दचकून पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी मात्र स्क्रीन तिच्याकडे फिरवला. "हा रक्ताचा झोत बघा. इकडून तिकडे जातोय ना? तो जायला नको. रुंदी मोजून दाखवू?"

"दाखवा."

त्यांनी दोनदा मोजलं. दोन्ही वेळा आकडा तोच आला. मोठ्या डॉक्टरांना त्या दिवशी काय ऐकू आलं होतं, हे तिला कळलं नाही आणि कधी कळणारही नव्हतं. पण समोर चिमीचं हृदय उघडझाप करत होतं, आणि तिला ते दिसत होतं.

ऑपरेशनची तारीख घेऊन ती कार्यालयात परतली. "खुलासा तुम्हीच लिहा," अध्यक्षबाईंनी सांगितलं होतं. तिने लिहिला, आणि या वेळी पहिल्या पानावर सुलट्या, मोठ्या अक्षरांत लावला:

"मागील अंकात दोन रुग्णांची उत्तरं अदलाबदल होऊन छापली गेली. ती चूक कार्यालयाची. त्याच पानावरून पाच महिने आपल्या सभेत निदानं सांगितली गेली आणि एकाही सभासदाने ती तपासली नाहीत. ती चूक आपल्या सगळ्यांची. यापुढे सांगणारा कितीही मोठा असो, आवाज कितीही ओळखीचा असो, 'कशावरून?' असं विचारल्याशिवाय कुणाचंही औषध बंद करू नये आणि सुरूही करू नये. आणि हाच प्रश्न रुग्णाच्या आईने तुम्हाला विचारला, तर रागावू नका. स्क्रीन तिच्याकडे फिरवा."